कनवटीची बाटली

सून माझ्यावर काहीतरी करतीय, असा माझा पक्का संशय व्हता. बोलून दाखवायची सोय न्हवती, कारण सारं गाव तिचं गुण गात व्हतं. स्नेहल अशी, स्नेहल तशी. आशाताई म्हणून घरोघर फिरती, गोळ्या वाटती, बाळंतिणींची नावं लिवती. पर माझ्या घरात काय चाललंय ते मला ठावं.

राजगडाच्या पायथ्याला पालीत आमचं जेवणाचं घर. शनवार-रविवार गडावर जाणारी पोरं येत्यात, पिठलं-भाकरी मागत्यात. चूल माझी, आन् चुलीपाशी दुसऱ्या कुणाचा हात मला खपत न्हाई. पर दिवाळीपासनं माझ्या डाव्या अंगाच्या वस्तू हलायला लागल्या. मिठाचा डबा ठेवल्या जागी सापडायचा न्हाई. तांब्या नेमका माझ्या कोपराखाली येऊन सांडायचा. दाराची चौकट कपाळात बसायची. आन् स्नेहल तर पाय न वाजवता बाजूला येऊन उभी राह्यची. मान वळवली की हितं हजर. "कवा आलीस गं?" म्हणलं की म्हणायची, "कवाची उभीय, आत्या."

खोटारडी. तिला माझी चूल पायजे, दुसरं काय.

माझी नजर गेली म्हणावी तर तसं बी न्हाई. अंगणात उभं राहून गडाच्या वाटंवरची तांबडी टोपी मला दिसती. एसटीची पाटी लांबनं वाचते. आन् डोळं जपायचं औषध व्हतंच की माझ्याकडं. दोन वर्सांमागं भात झोडताना डोळ्यात कुसळ गेलं, डोळा लालबुंद झाला, तवा मेडिकलातनं एक बाटली आणली. दोन थेंब टाकलं आन् सकाळपातूर डोळा निवळला. तवापासनं चुलीच्या धुरानं डोळं चुरचुरलं की टाक दोन थेंब. बाटली सपली की रिकामी बाटली दाखवायची, मेडिकलवाला तसलीच दुसरी द्यायचा. डॉक्टरचा कागद कदी मागितला न्हाई. बाटली कायम माझ्या कनवटीला.

नात मिताली सात वर्साची. संक्रांतीपासनं सारखी डोळं चोळायची. तिच्या बी डोळ्यात टाकायची मी, शाळंला जायच्या आदी, स्नेहलच्या नकळत. तिला कळलं असतं तर हज्जार प्रश्न इचारलं असतं. "आईला सांगायचं न्हाई हां," म्हणून पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. पोरगी गुणाची, कुणाला बोलली न्हाई.

एक दिवस शेजारची चंद्राबाई मला बाजूला घेऊन म्हणली, "रतने, तुझी सून तुझ्या कानापाशी हातवारे करती. म्या सोता बघितलं. तू भाकरी थापत व्हतीस, आन् ती तुझ्या डोक्याच्या बाजूला बोटं नाचवत व्हती. आदी ह्या अंगाला, मंग त्या अंगाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चेष्टा असंल, न्हाईतर करणी. दुसऱ्या दिवशी म्या चंद्राबाईला दारात तांदूळ निवडायला बसवलं. खूण ठरली, तिनं बघितलं की खोकायचं. मी भाकरी थापायला बसले. तिसऱ्या भाकरीला चंद्राबाई खोकली, आन् मी गर्रकन मान वळवली. स्नेहलचा हात हवेत व्हता, बोटं पसरलेली, माझ्या डाव्या कानापासनं वीतभर लांब.

"काय चाललंय हे?" म्या इचारलं.

तिनं हात खाली घेतला न्हाई. "किती बोटं हायेत, आत्या?"

"चार. मला काय येडी समजलीस?"

"आता सरळ चुलीकडं बघा. आता किती?"

म्या चुलीकडं बघितलं. हात न्हवताच. "हात काढून घेतलास तू," म्या म्हणलं.

"न्हाई आत्या, तितंच हाय."

दारातनं चंद्राबाई बारीक आवाजात म्हणली, "तितंच हाय गं, रतने."

मला चंद्राबाईचा बी संशय आला. दोघी मिळालेल्या असतील, कुणी सांगावं. भोरला डोळ्याच्या दवाखान्यात जायला मी कबूल झाले ते निव्वळ सुनंला खोटं पाडायला. निघताना ती म्हणली, "कनवटीची बाटली बी घ्या संगं." म्हंजे बाटलीवर बी डोळा व्हताच हिचा. मितालीचं कळलं का काय, म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघितलं, पर तसं काय दिसलं न्हाई.

चेलाड्याला एसटी बदलून भोरला गेलो. तितं एका पोरीनं मला मशिनीत तोंड घालायला लावलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. लई येळ झाला तरी डाव्या अंगाला दिवाच लागंना. म्या म्हणलं, "बाई, हिकडचं दिवं बी लाव की." ती म्हणली, "लागतायत, मावशी." सगळ्या जगानं मला फसवायचं ठरवलं व्हतं जणू.

मंग डॉक्टरीणबाईनं कागद पुढ्यात ठेवला. डोळ्याचं चित्र, आन् डावी बाजू काळीकुट्ट. "काचबिंदू आहे," ती म्हणली.

"मोतीबिंदू असंल. पिकू द्या, मंग काढू."

"मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, मावशी. ह्याच्यात गेलेली येत नाही." तिनं माझी बाटली उजेडात धरून वाचली. "हे कुणी लिहून दिलं?"

"कुणी न्हाई."

"ह्यात स्टिरॉइड आहे. लाली लगेच जाते म्हणून माणसांना बरं वाटतं. पण महिनोन् महिने टाकलं की काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. उरलेली नजर रोजच्या औषधानं राखता येईल. ही बाटली मात्र आजपासून बंद."

ज्यांच्यावर संशय घेतला ती समदी खरं बोलत व्हती, आन् जिला पोटाशी धरलं ती बाटलीच उलटली. माझ्या डाव्या खांद्यावर स्नेहलचा हात आला. दिसला न्हाई, नुसता लागला.

"ही बाटली घरात आणखी कुणी वापरतं का?" बाईनं इचारलं.

माझ्या आदी स्नेहलच बोलली, "न्हाई डॉक्टर. आमच्या आत्या कनवटीची बाटली कुणाला देत न्हाईत."

गप राहिले असते तर कुणाला कळणार व्हतं? मी कागदावरच्या काळ्या डागाकडं बघितलं.

"मितालीला टाकते," म्या म्हणलं. "संक्रांतीपासनं. रोज."

खांद्यावरचा हात उचलला गेला. तो बी मला दिसला न्हाई.

मितालीला दुसऱ्याच दिवशी नेली. तिचा दाब वाढलेला निघाला. नस अजून धड हाय, थेंब बंद केलं की बहुतेक उतरंल, पर दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणा, असं बाई म्हणली. डोळ्याच्या खाजंला येगळं औषध दिलं, गार पाण्याची घडी ठेवायला सांगितली. पयल्या खेपंला दाब तसाच व्हता. दुसऱ्या खेपंला जरासा उतरला. पुढची खेप सोमवारी हाय.

स्नेहल मला एक वाकडा शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. माझं नवं थेंब तीच टाकती, सकाळ-संध्याकाळ, येळ चुकवत न्हाई. तांब्या माझ्या उजव्या अंगाला ठेवती. पर मी मितालीला जवळ बोलावलं की हातातलं काम टाकून दाराशी येती. आदी माझ्या मुठीकडं बघती, मंग कनवटीकडं. डाव्या अंगानं आली तर दिसत न्हाई, तरी आली हे मला कळतं. मी दोन्ही हात उघडं करून मांडीवर ठेवते, आन् मंगच पोरीला म्हणते, ये.