मोडलं ते खोड

कोनफ्लॉवर या परदेशी फुलझाडाच्या बियांना रुजण्याआधी थंडी वाजू द्यावी लागते. मी त्या ओल्या वाळूत कालवून, डब्यात भरून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या, तेव्हाच सासूबाईंनी मला कोपरापासून हात जोडले होते. पहिलं वर्षभर फाटकाजवळच्या पट्ट्यात नुसती खरखरीत पानं. "भाजी तरी होते का याची?" असं त्या आल्यागेल्यासमोर विचारायच्या. मी म्हणायचे, पहिल्या वर्षी ते मुळं धरतं, फुलतं दुसऱ्या वर्षी. यावर त्या फक्त "हं" म्हणायच्या. त्यांच्या "हं"मध्ये पुष्कळ काही मावतं.

घरात मला सगळे चौकीदार म्हणतात. टिल्ली, म्हणजे माझी अडीच वर्षांची लेक, झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी, पाणी दोनदा उकळणारी, तिचं वजन दर रविवारी कॅलेंडरवर लिहिणारी बाई मी. त्यामुळे दुसऱ्या वर्षी गुलाबी-जांभळी फुलं आली आणि त्यांच्यावर मधमाश्या घोंगावू लागल्या, तेव्हा मी घाबरून स्वतःच सगळं उपटीन, अशी सासूबाईंची अटकळ होती. मी उपटलं नाही. टिल्लीला चार हात लांब उभं राहून बघायला शिकवलं.

खरी ठिणगी पडली ती फुलं सरल्यावर. पाकळ्या गळाल्या, मधले काटेरी गोंडे काळे पडले, खोडं वाळून तशीच उभी राहिली. सासूबाईंना तिथे फाटकापासून पायरीपर्यंत फरशी हवी होती आणि वर एक बाक. गुडघे दुखतात त्यांचे, दिवसभर घरात जीव आंबतो. मागणी काही खोटी नव्हती. पण त्या काळ्या गोंड्यांतलं बी टिपायला मुठीएवढे पक्षी यायचे, आणि ते बघताना टिल्ली खिडकीत बसून तोंड उघडायची. पक्ष्याचा एक दाणा, तिचा एक घास. एरवी घास दिसला की ओठ शिवून घेणारी पोर. सहा महिने एका जागी रुतलेला कॅलेंडरवरचा आकडा आता कुठे हलला होता. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवाल ते. म्हणजे तळ्यातही नाही, मळ्यातही नाही.

मागच्या दारी धुण्याच्या जागेला फरशी बसवायला माणूस आला, त्या सकाळी मी टिल्लीला लस टोचून आणायला गेले होते. इकडे सासूबाईंचा माझ्या नणंदेशी फोन. मेलेली झाडं दाराशी मिरवते, कुणाचं म्हणून ऐकत नाही, आता एकदा खोड मोडायलाच हवी, असं म्हणताना त्यांचा हात खिडकीबाहेर गेला, पट्ट्याच्या दिशेने. फरशीवाला नेमका पाणी मागायला दारात उभा होता. कामसू माणूस. त्याने ऐकलं, बघितलं आणि पाणी प्यायच्या आधीच कामाला लागला.

मी परतले तेव्हा पट्टा सपाट होता. सगळी खोडं बुडाशी मोडून गोणीत भरलेली.

"आजीच म्हणाल्या, खोड मोडा," तो म्हणाला.

सासूबाई फोन हातात धरून पायरीवर आल्या. गोणी बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, ते खोड नाही. ती खोड. हिची."

फरशीवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खोड कुठे दिसते का ते बघत. टिल्ली कडेवरून "पक्षी? पक्षी?" करत रडत नसती, तर मी हसले असते.

तोवर सासूबाई सावरल्या. झालं ते झालं, म्हणाल्या, आयती जागा मोकळी झालीय, माणूस दारात आहे, फरशी जास्तीची आलीय, उरकून टाकू. फरशीवाल्याने मापाची दोरी काढली.

  मी टिल्लीला खाली ठेवलं आणि बाहेर जायच्या चांगल्या कपड्यांनिशी पट्ट्याच्या मधोमध मातीत मांडी ठोकली.

"आई, मोडलं ते खोड. खोड नाही मोडली."

"म्हणजे?"

"म्हणजे मुळं खाली जिवंत आहेत. आणि वर मी बसलेय."

लोक बघताहेत, त्या म्हणाल्या. बघू देत, मी म्हटलं. बाक हवाय ना, तो पायरीशेजारी ठेवू, चार फरश्या तेवढ्या घालू. पण या पट्ट्याला दोरी लागणार नाही. फरशीवाला एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग दोरी गुंडाळून मागच्या दारी गेला. त्यानंतरच मी उठले.

गोणीतली खोडं काढून मी टिल्लीच्या केसांच्या रिबिनींनी त्यांच्या जुड्या बांधल्या आणि फाटकाच्या गजांना उभ्या आवळल्या. आता तर त्या अख्ख्या रस्त्याला दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी पहिला पक्षी आला.

थंडी सरली तेव्हा पट्ट्यात जुन्या बुडांशी खरखरीत पानं वर आली. सासूबाई बाकावर बसून टिल्लीला भरवत होत्या, खांद्याशी फोन दाबून. पलीकडून नणंदेने काय विचारलं, ते मला न ऐकताही कळलं.

"कसली मोडतेय," सासूबाई म्हणाल्या. "मुळापासून फुटलीय. टिल्ली, आ कर."