गरुडाचा दांडा

निकाल सांगणाऱ्याने आकडे दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा कुणाचा कानांवर विश्वासच बसला नाही. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत व्हर्लिन स्टॉडर्ड आपल्याच गावात सपाटून आपटला होता. चर्चच्या तळघरात त्याच्या विजयासाठी मांडलेली चिकन-नूडल्सची पातेली तशीच राहिली.

व्हर्लिनची आई, ऑर्फाबाई, खुर्चीतून ताडकन उठल्या. इथल्या निम्म्या लोकांचे खटले पोराने फुकट लढवले, आणि त्यांनीच केसाने गळा कापावा?

यंदाची गोष्ट वेगळी होती, हे खरं. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या गरुड निशाणीच्या पक्षाचं, स्टॉडर्ड घराणंही त्यातलंच. पण रस्त्यांच्या कंत्राटांतली लबाडी व्हर्लिनने चव्हाट्यावर आणली आणि पक्षाने त्याला हाकललं. मग विरोधी पक्षाने, कोंबडा निशाणीवाल्यांनी, त्याला उभं केलं. गावाने तेही पोटात घातलं होतं. 'पक्ष गेला खड्ड्यात, पोरगा आपला आहे,' असं जो तो म्हणत होता.

"गद्दार मेले!" ऑर्फाबाई कडाडल्या. शेजारीण हेस्टर जवळच उभी होती. "तू तरी दिलंस का गं त्याला मत?"

"विचारतेस काय! आत गेले, पडदा लावला, मतदानयंत्रावरचा गरुडाचा दांडा ओढला, आले बाहेर."

"गरुडाचा?"

"मग कशाचा? आयुष्यभर तोच तर..." हेस्टरचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बयो, तो यंदा कोंबड्याच्या ओळीत होता! एक दांडा ओढला की सगळी मतं त्याच पक्षाला जातात, एवढंही कळेना तुला? असा नाही ओढायचा, असा..."

दाखवायला त्यांनी हात उचलला. हात सवयीने सरळ वर गेला, यंत्रावरच्या वरच्या, गरुडाच्या ओळीच्या उंचीवर, आणि हवेत तिथेच थबकला. कोंबडा खालच्या ओळीत होता.

सकाळी नवी टोपी घालून ऑर्फाबाई ऐटीत मतदानाला गेल्या होत्या. दारातल्या कारकुनाला "आज गव्हर्नरची आई आलीय हो!" असं म्हणाल्याही होत्या. आत मात्र एकही नाव वाचलं नव्हतं. मतदानाचा हक्क मिळाल्यापासून त्यांना ते कधी वाचावंच लागलं नव्हतं. आणि आदल्याच दिवशी व्हर्लिन म्हणाला होता, "आई, कोंबडा हं." त्यावर त्या फणकारल्या होत्या, "मला शिकवतोस?"

एवढ्यात व्हर्लिन गर्दीतून आला. चेहरा पांढराफटक. त्याने आईच्या खांद्यावर हात टाकला.

"राज्याचं काय व्हायचं ते होवो गं. पण आपलं गाव... जाऊ दे. तुझं एक मत तर होतं ना? तेवढं मला पुरे."

हेस्टरने मान खाली घातली. ऑर्फाबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पडद्याआड दुसरं कुणी नव्हतं. पण आत्ताच अख्ख्या गावाला गद्दार म्हणून झालं होतं, आणि पोराचा हात खांद्यावर जड होत चालला होता.

"नव्हतं रे," ऑर्फाबाई म्हणाल्या. "माझंही नव्हतं."

व्हर्लिनची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. तो हात अजून गरुडाच्या ओळीकडे अर्धवट उचललेलाच होता. ऑर्फाबाईंनी तो घाईघाईने कोटाच्या खिशात लपवला.