अलास्क्याला जाऊन आलेला बिस्तरबंद

मी बिस्तरबंद बोलतोय. तोच, ज्याच्या पोटात गादी, उशी आणि चादर घालायची, मग गुंडाळून दोन पट्ट्यांनी करकचून आवळायचे आणि वर गुडघा रोवून बसायचे. शिकलेली माणसे मला होल्डॉल म्हणतात. म्हणोत बापडी. भिलाईच्या सेक्टर एकमध्ये एका क्वार्टरच्या माळ्यावर मी सध्या मुक्कामाला आहे. अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो, एक बक्कल सैल झाले आहे. पण नाक मुरडू नका. या अख्ख्या वसाहतीत अलास्क्याला जाऊन आलेला बिस्तरबंद मी एकटाच आहे.

हसलात? हसा. आधी माझे कूळ तरी ऐकून घ्या.

इथला कारखाना उभा राहत होता तेव्हा रशियातून यंत्रे यायची. विशाखापट्टणमपर्यंत जहाजाने आणि पुढे मालगाडीने. अशाच एका अगडबंब यंत्रावर मी ताडपत्री म्हणून पांघरलेलो होतो. कितीतरी दिवस खारा वारा खाल्ला, लाटांचे तुषार झेलले, यंत्राला थेंब लागू दिला नाही. इथे आल्यावर यंत्राला हार घातले, फोटो काढले. मला मात्र ओढून मातीत टाकले. दोन उन्हाळे मी तसाच पडून होतो. मग टाकाऊ मालाचा लिलाव झाला आणि रोलिंग मिलमधल्या आनंदराव मेश्रामांनी माझा एक तुकडा घेतला. पावर हाउसच्या बाजारातल्या शिंप्याने तीन सुया मोडून त्याचा बिस्तरबंद केला आणि डोक्याशी एक खिसाही ठेवला. तो खिसा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आनंदराव म्हणजे सोन्यासारखा माणूस. पण त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी निघत नसे. वर आणखी एक सवय. कुठेही निघाले आणि वाटेत कोणी भेटले, की म्हणायचे, "चला न तुमी बी." आमच्याकडे असे म्हणायची रीतच आहे. समोरच्याने "नाई नाई, तुमी या जाऊन" म्हणायचे, हीही रीतच. पण आनंदराव ते इतक्या मनापासून म्हणत की लोक चप्पल घालून खरेच निघत. एकदा ते एकटे सिविक सेंटरला छत्री आणायला निघाले होते. दुकानात पोचले तेव्हा सोबत सहा जण होते.

त्यांची बायको रुक्मा. बोलायला कमी, हाताला उरक मोठा. लग्न झाल्यापासून तिने प्रवास पुष्कळ केला, पण सगळा नातेवाइकांकडे. राजनांदगावला नणंद, डोंगरगडला मावससासू, गोंदियाला मामा, तुमसरला काका, भंडाऱ्याला दुसरी नणंद, कामठीला चुलत दीर. दुर्गहून नागपूरकडे जाणाऱ्या लाईनवर आमचे माणूस नाही असे स्टेशन शोधून सापडत नव्हते. कुठेही उतरा, पाहुणचार एकच. पुरुषांसाठी मला ओसरीवर पसरायचे आणि रुक्माच्या पुढ्यात अर्ध्या तासात पोळपाट सरकवायचा. इतक्या प्रवासांत ती माझ्यावर एकदाही आडवी झाली नव्हती. मी तिचा बिस्तरबंद, आणि तिचीच पाठ मला ठाऊक नव्हती.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात आनंदरावांनी बाजारातून भजी आणली. भजी संपली आणि पुडीचा कागद उरला. कुठल्याशा विलायती मासिकाचे रंगीत पान होते ते. एक पांढरे जहाज, मागे बर्फाचा डोंगर, आणि जहाजाच्या कठड्याशी आरामखुर्चीत एक बाई डोळे मिटून पडलेली. बाईच्या पोटावर मिरचीच्या भज्याचा तेलकट डाग. बारा वर्षांच्या लेकीने, मथुराने, खालची अक्षरे लावून वाचली, "अलास्का."

रुक्माने कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग विचारले, "इथी आपलं कोनी राहते का?"

"अलास्क्याले? छे!" आनंदराव म्हणाले.

"सोयरे, गाववाले, कोनीच नाई?"

"तिथी निस्ता बर्फ हाय."

"मंग मले इथीच जाचं हाय," रुक्मा म्हणाली. लग्नानंतर तिने मागितलेली ती पहिली गोष्ट.

आनंदरावांना 'नाही' म्हणता येत नव्हतेच. ते म्हणाले, "जाऊ. जहाजानं जाऊ. तू, मी अन् मथुरा." कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या अंगावर काटा आला. माझा दर्या! मला वाटले, उद्याच निघणार.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांनी मिलमधल्या रशियन साहेबाला विचारले. साहेब कामावरच हिंदी शिकला होता. तो म्हणाला, "अलास्का? पहले हमारा। फिर राजा ने बेच दिया।" ही बातमी घरी आली तेव्हा आनंदरावांच्या आई, भीमाबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांना ते अजिबात पटले नाही. "येवढा डोंगर कसा इकला बावा? घरच्या बाईले तरी इचारलं होतं का त्यानं?" आणि मग सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मी बी येतो. पाहू तरी कोनं घेतला."

आनंदराव म्हणाले, "चाल न माय."

झाले! त्या आठवड्यात चरोद्याहून त्यांचा भाऊ देवीदास आला. देवीदास रेल्वेत, यार्डात कामाला. जगातली कुठलीही गोष्ट तो रेल्वेच्या नियमात बसवून दाखवायचा. मथुराने त्याला समजावले की जहाज वाटेत बंदराबंदरावर थांबते, माणसे खाली उतरून दिवसभर फिरतात आणि परत येऊन बसतात.

"त्याले ब्रेक जर्नी म्हनते," देवीदास म्हणाला. "तुमाले हे जमनार नाई. मले यावंच लागन."

"चाल न तू बी."

मग शेजारचे शामराव आले, राजनांदगावची नणंद मैनाबाई आली, तिचे यजमान आले. पावसाळा येईस्तोवर अलास्क्याला जाणाऱ्यांचा आकडा एकोणीसवर गेला आणि दर रविवारी आमच्याकडे बैठक भरू लागली. मथुराची भूगोलाची वही मध्ये ठेवायची आणि भोवती सगळे. कुठल्या बंदरावर कोणी काय पाहायचे ते ठरे. भीमाबाईंना समुद्रात पाय बुडवायचे होते, मैनाबाईंना विलायती बरण्या आणायच्या होत्या, शामरावांना पांढरे अस्वल पाहायचे होते, पण लांबून. देवीदासने जहाज सुटायच्या आत सुरई कोणी भरून आणायची त्याची पाळी लावली.

"शिटी झाली का धावत याचं," तो बजावी. "अन् आपली जागा कोनी घेऊ नये म्हनून एक जन वरतच पाह्यजे. वैनी राहतीन सामानापाशी."

अकरा बंदरे होती. अकराही बंदरांपुढे मथुराच्या वहीत लिहिले गेले, 'माय – सामानापाशी.' माय म्हणजे रुक्मा, आणि सामान म्हणजे मीच. बाईमाणसाची सोबत मिळणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली.

रुक्मा त्या वेळी आत होती. एकोणीस माणसांची रविवारची भाजी-पोळी करत होती. जिथे कोणी नातेवाईक नाही तिथे जायचे म्हणून तिने अलास्का निवडला होता, आणि अलास्क्याच्याच पायी घर नातेवाइकांनी भरून गेले होते. हे तिला दिसत होते, मला दिसत होते. आनंदरावांना दिसत नव्हते असे नाही, पण ते प्रत्येकाला हो म्हणण्यात गुंतलेले होते.

पुढच्या मे महिन्यात देवीदासने थंडीची तालीम काढली. पावर हाउसहून बर्फाची अख्खी लादी गोणपाटात गुंडाळून, सायकलला बांधून आणली. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. अंगणात लादी ठेवून सगळ्यांनी घोंगड्या, कानटोप्या, स्वेटर चढवले आणि एकेकाने पाच मिनिटे बर्फावर बसायचे ठरले. देवीदास घड्याळ धरून उभा. पहिला मान भीमाबाईंचा. त्या ऐटीत बसल्या. "काई थंडी नाई. उगाच बोंबलते लोक." पाच मिनिटांनी उठायला गेल्या तर लुगडे लादीला चिकटलेले.

"माय, टाइम झाला, उठ."

"मी उठून राहिलो रे, हा अलास्काच सोडत नाई!"

शेवटी दोघांनी बगलेत धरून त्यांना लादीसकट उचलले. शामरावांना उन्हात लोकरीने घेरी आली. ते बर्फाच्या पाण्यात बसले आणि मग उठायलाच तयार होईनात. उरलेला बर्फ पाहून मैनाबाई आत डोकावून म्हणाली, "वैनी, बर्फ वाया चालला, शरबत करा न." रुक्माने एकोणीस पेले शरबत केले.

शरबत पिता पिता मैनाबाईंच्या यजमानांनी प्रश्न काढला, जहाजावर जेवायचे काय? तिथले खाणे आपल्याला चालेल का? सगळे गंभीर झाले. देवीदास म्हणाला, "त्याच्यात काय? स्टो घेऊ, पीठ घेऊ. रुक्मावैनी हायेच न."

रुक्मा रिकामे पेले गोळा करत होती. ती थांबली आणि तिने नवऱ्याकडे पाहिले. आनंदरावांनी आपलाही रिकामा पेला पुढे केला. ती आत आली, फडताळातला तो तेलकट कागद काढला, माझ्या खिशात सारला आणि वरून दोनदा थोपटले. त्या थोपटण्यात राग होता की निरोप, मला कळले नाही.

आठवड्याने कामठीला लग्न निघाले. सगळे एकोणीस जण पॅसेंजरच्या एकाच डब्यात. रुक्मा माझ्यावर बसलेली, मांडीवर शिदोरी. राजनांदगावला नातेवाईक चिवडा घेऊन फलाटावर हजर. डोंगरगडला नातेवाईक ताक घेऊन हजर. "कामठीले लवकर पोचजा वो वैनी," खिडकीतून कोणी ओरडले, "दोनशे मानसाच्या पुऱ्या हायेत, तुमचीच वाट पाहून राहिले."

डोंगरगडनंतर जंगल लागते, टेकड्या लागतात, बोगद्यातला अंधार येऊन जातो. पुढे एक छोटे स्टेशन आहे. नाव सांगणार नाही. गाडी थांबली. फलाटावर एक मोहाचे झाड, एक हापसा, आणि माणूस नाही. कोणी डबा घेऊन आले नाही. कोणी हाक मारली नाही.

रुक्माने वाकून बाहेर पाहिले. "इथी आपलं कोनी राहते का?" तिने विचारले.

देवीदास म्हणाला, "इथी? इथी कोन राहीन?"

तिने शिदोरी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, मला पट्ट्याला धरून ओढले आणि खाली उतरली.

डब्यात एकच कल्ला. "वैनी, गाडी सुटते!" "कावून उतरली वो?"

"ब्रेक जर्नी," रुक्मा म्हणाली.

"नियमात बसत नाई! ब्रेक जर्नीले अंतर कमी पडते!" देवीदास खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

शिटी झाली. आनंदराव दारात उभे होते. मागून भीमाबाई ओरडत होत्या, "आनंदा, तिले वर घे! लोकं काय म्हनतीन? पुऱ्या कोन लाटन?" रुक्मा मला कवटाळून तशीच उभी होती.

आनंदराव वळले आणि म्हणाले, "नाई, माय."

बस, एवढेच. पण तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. त्यांनी एका हातात सुरई घेतली, दुसऱ्याने मथुराचा हात धरला आणि हलत्या गाडीतून दोघे खाली उतरले. देवीदासला "चाल न तू बी" म्हणाले नाहीत. गाडी गेली.

मोहाच्या सावलीत मला सोडले, पसरले. इतक्यात एक म्हातारा पॉइंट्समन हातात झेंडी घेऊन आला, समोर उकिडवा बसला आणि त्याने तो प्रश्न विचारला, ज्याच्यापासून आमच्याकडे कोणी सुटत नाही.

"कोन्या गावचे तुमी?"

माझ्या पट्ट्या गळाल्या. याला गाव सांगायचे, मग आडनाव, मग माहेर. तिसऱ्या प्रश्नाला नाते निघणार, चौथ्याला त्याची बायको हाक मारणार आणि पाचव्याला पोळपाट येणार. आनंदरावांनी सवयीने तोंड उघडले.

रुक्मा त्यांच्या आधी बोलली. "अलास्क्याचे."

म्हातारा विचारात पडला. "थे कोठी आलं? बालाघाटाकडं?"

"त्याच्याई पुढं."

"तिकडं आमचं कोनी नाई बावा," म्हातारा खेदाने म्हणाला आणि निघून गेला.

रुक्मा माझ्यावर आडवी झाली. तिने डोळे मिटले. उन्हाळा होता, झळा मारत होत्या, पण खिशात बर्फाचा डोंगर होता आणि तो नेमका तिच्या डोक्याखाली आला. मथुरा हापशावर सुरई भरायला गेली. आनंदराव पंच्याने वारा घालत बसले आणि हळूच म्हणाले, "मी राह्यतो सामानापाशी. तू झोप." संध्याकाळच्या गाडीपर्यंत ती गाढ झोपली. मी जहाजावर वादळे पाहिली आहेत, पण त्या दुपारी मी जितका ताठ, न हलता पडलो होतो तितका कधीच पडलो नाही.

लग्न चुकले नाही. पुऱ्या देवीदासने लाटल्या होत्या, आणि एकही गोल नव्हती.

त्याला आता चार वर्षे झाली. रविवारच्या बैठका बंद पडल्या. मी माळ्यावर असतो, खिशातला कागद पिवळा पडला आहे. पण दर उन्हाळ्यात एक दिवस तिघे कोणालाही न सांगता मला खाली काढतात. आनंदरावांना वाटेत कोणी विचारलेच, तर ते म्हणतात, "इथंच, जरा." आणि तोंड घट्ट मिटून घेतात. त्यांना किती जड जाते ते चेहऱ्यावर दिसते.

आता एकच विनंती. मी सांगितलेले तुमच्यापाशीच ठेवा. स्टेशनचे नाव मी घेतले नाही, तुम्हीही शोधायला जाऊ नका. लाईनवर आमचे खूप लोक आहेत. त्यांच्या कानावर गेले, तर पुढच्या वर्षी मोहाखाली मला पसरण्याआधीच बाकीचे सोळा जण तिथे बसलेले असतील, आणि पोळपाटही आणला असेल.