मागच्या बाजूचे रहिवासी

"मागच्या बाजूला डोळे मिटून बोट दाखवा, बोटाच्या टोकाला काहीतरी जिवंत असणारच, आणि त्याचं नाव मी सांगणार!" वहिनींनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये छातीठोक सांगितलं.

चेअरमन म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा दीर. त्यानं लगेच डोळे मिटून खिडकीबाहेर बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला वरच्या मजल्यावरच्यांचा वाळत घातलेला पायजमा होता.

"हं, सांगा नाव, वहिनी."

मीटिंग हसण्यावारी गेली, ठराव मात्र गेला नाही. इमारतीमागचा झाडोरा साफ करायचा, फरशी घालायची आणि तिथेही गाड्या लावायच्या. झाडोरा वाचायची वाट एकच होती. वनखात्याचा साहेब येऊन बघणार, आणि इथले मूळचे जीव तिथे नांदताना त्याला दिसले तर जागा राखीव करणार. नवरा गेल्यापासून वहिनींच्या दुपारी त्या झाडोऱ्यातच जायच्या. घरात बोलायला कुणी नव्हतं. तिथे बोललं नाही तरी चालायचं.

साहेब जेवून आला. चष्म्याच्या काचा जाड, आवाज बारीक. "फोटोबिटो चालणार नाही. फोटो काय, कुठलाही आणता येतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहतो तेवढंच लिहितो. आणि झाडं सांगू नका, झाडं कुणीही लावतं. हलतं-फिरतं दाखवा."

"हा बघा रातवा पक्षी," वहिनी म्हणाल्या.

"कुठाय?"

"त्या वाळक्या पानांत."

"मला पानंच दिसतात."

"तेच तर त्याचं कसब! दिवसभर पानांत पान होऊन बसतो. बरं, तो राहू दे. हा काडीकिडा बघा."

"ही काडी आहे."

"अहो, काडीसारखा दिसतो म्हणून तर काडीकिडा!"

साहेबानं बोट लावलं. ती काडीच होती.

सरडा भिंतीच्या रंगाचा होऊन भिंतीत मुरला होता. मुंगूस बिळात होतं. वरून खिडकीतून दीर ओरडला, "वहिनी, न दिसणाऱ्यांचं संमेलनच भरवलंत की!"

आघाडा तेवढा हजर होता. साहेबाच्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिकटून त्यानं आपली ओळख पटवून दिली, पण तो पडला झाडातला. साहेब कुसळं उपटत दगडी बाकावर बसला. "थोडं थांबून बघू," म्हणाला, आणि बघता बघता त्याची मान छातीवर आली. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर अडकला.

मग सगळा झाडोरा कोंडलेला श्वास सोडावा तसा सैल झाला. उन्हालाही पेंग आली होती. कवडसे साहेबाच्या पोटाबरोबर वर-खाली होत होते. भिंतीचा एक पोपडा सुटला, त्याला शेपूट फुटलं आणि तो सरडा होऊन चालू लागला. एक काडी उठली, इकडे पाय टाकू की तिकडे असं करत दुसऱ्या काडीच्या घरी गेली. शिंपी पक्ष्यांची चिमुकली जोडी आली. नवऱ्यानं पान वळवून धरावं, बायकोनं चोचीनं भोक पाडून कोळिष्टकाचा धागा ओवावा, आणि टाका सैल पडला म्हणून दोघांनी कडाकडा भांडावं. भारद्वाज लाल डोळे रोखून, हात मागे बांधलेल्या सासऱ्यासारखा शतपावली घालत होता. कुंभारीण माशी ओली माती घेऊन आली आणि साहेबाच्या खिशातल्या पेनवर इवलंसं मडकं घडवायला बसली. मुंगूस पिल्लांचं लटांबर घेऊन साहेबाच्या बुटांवरून गेलं. शेवटचं पिल्लू बुटाची नाडी ओढून बघत थोडं रेंगाळलं.

दीर खाली आला होता. पाऊल न वाजवता तो वहिनींजवळ आला.

"वहिनी," तो कुजबुजला, "उठवा ना त्याला!"

"उठवलं तर हे सगळे जातील."

"आणि नाही उठवलं तर?"

"तर राहतील. पण त्याला दिसणार नाहीत."

"अरे देवा! आता हो?"

"आता गप बसा, भाऊजी. तुमच्या पायाशी रातवा आहे."

दिरानं खाली पाहिलं. वाळक्या पानांनी एक डोळा उघडला, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दखल घेण्यासारखं काही नाही असं ठरवून पुन्हा मिटला. दीर बराच वेळ हलला नाही. आपण झाड झालो तर बरं, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. वहिनींनी त्याला असं शांत पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात कावळा आला. त्यानं साहेबाच्या नाकावरून चष्मा उचलला आणि पाण्याच्या टाकीपलीकडे निघून गेला.

साहेब दचकून उठला. क्षणात भिंत भिंत झाली, काडी काडी झाली.

"चष्मा? माझा चष्मा कुठाय? झोपलो नव्हतो हं मी, विचार करत होतो." त्यानं डोळे बारीक केले. "मला तर काहीच दिसलं नाही. तेच लिहावं लागणार."



"मला दिसलं, साहेब," दीर म्हणाला. "लिहा. मुंगसं आहेत, शिंपी आहेत, आणि रातव्यानं तर माझ्याकडे बघितलं."

"फरशीवाले चेअरमन तुम्हीच ना?"

"मीच."

"मग तुम्ही कशाला खोटं बोलाल! तुमचे डोळे ते माझे डोळे."

मडकं मोडू नये म्हणून वहिनींनी त्याला स्वतःचं पेन दिलं. साहेबानं कागद नाकाला लावला, 'पुढची बाजू' आणि 'मागची बाजू' अशा दोन चौकटी होत्या त्यातली एक अंदाजानं धरली, बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. त्या संध्याकाळी वहिनींनी दिराला जेवायला थांबवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खात्याची माणसं आली. इमारतीच्या पुढच्या बाजूला, जिथे गाड्या लावतात तिथे, त्यांनी तार ओढली आणि 'राखीव अधिवास, वाहने लावू नयेत' अशी पाटी ठोकली. दुपारपर्यंत सगळ्यांनी आपापल्या गाड्या मागच्या बाजूला, झाडोऱ्यातच आणून लावल्या.