खुंटीवरची गोणी

“माझ्यापेक्षा त्या गोणीची मजा आहे. खुंटीवर लटकायचं आणि सासूबाईंनी बोलावलं तरच खाली यायचं,” असं सूनबाई लेंड्या झाडता झाडता माझ्या अगदी कानाशी पुटपुटली.

मित्रांनो, ती गोणी म्हणजे मी. मी एक जुनी, तागाची गोणी आहे. आम्हा गोण्यांच्या पिळलेल्या कोपऱ्यांना हमाल कान म्हणतात. त्यामुळे मला ऐकू येतं यात नवल मानू नका.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे ढिगाने गोण्या जन्मतात, त्यामुळे कुणाचंच कोडकौतुक होत नाही. आधी पोटात तांदूळ भरले, मग बटाटे, मग कोळसा. हमालाने आकडा खुपसून पोट फाडलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, “ही गेली कामातून,” आणि मी या घरी आले. सासूबाईंनी मला उसवलं, गरम पाण्याने धुतलं, उन्हात खडखडीत वाळवलं आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. शेळी व्यायला लागली की तिच्या मागे पसरायची ती मी. करडू जगाला पहिल्यांदा टेकतं ते माझ्यावर. तांदळापेक्षा हे काम मला मानाचं वाटलं. बोलून दाखवलं नाही, इतकंच.

या घराची एक रीत आहे. सासूबाई गाभण शेळीच्या शेपटीच्या बुडाशी बोटांनी चाचपतात. तिथे दोन्ही बाजूंना आत काहीतरी कडक लागतं, ताणून बांधलेल्या सुतळीसारखं. दिवस भरत येतात तशी ती सुतळी सैल पडते आणि वेळ अगदी जवळ आली की हाताला लागेनाशीच होते. मग सासूबाई म्हणायच्या, “गोणी काढा.” त्यांनी म्हटल्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही, बाकीच्या शेळ्या बाहेर काढायच्या नाहीत, पाणी तापवायचं नाही. त्या बोटांचा अंदाज कधी चुकत नसे. शेजारपाजारचे लोक त्यांना बोलवायला येत आणि त्या पदर खोचून निघत.

मग मध्ये एकदा त्यांनी मला काढायला लावलं आणि शेळी काही व्यायली नाही. दिवसभर आरामात माझी कड चघळत बसली. पुढच्या शेळीच्या वेळी पुन्हा तेच. शेजारीण फाटकातूनच म्हणाली, “काय हो, गोणी जेवू घालताय का शेळीला?” सगळे हसले. सासूबाईही हसल्या, पण त्यानंतर त्यांची जीभ फिरली. कुठल्याही शेळीला हात लावला की एकच उत्तर, “अजून आहे अवकाश.”

त्या अवकाशातच मागची शेळी ओल्या फरशीवर व्यायली. मी इथे खुंटीवर कोरडी. सासूबाईंनी करडू मांडीवर घेतलं, कुरवाळलं आणि म्हणाल्या, “चांगलं उबदार आहे.” ते केव्हाच गार पडलं होतं. त्यांच्या मुलाने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, ते हळूच मांडीवरून उचललं. “शेळीच लबाड,” तो म्हणाला. “कळूच दिलं नाही तिने.”

तसं तर सासूबाई चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचलायला लागल्या होत्या. बोटांना फोड आले की सूनबाई मुकाट्याने मलम लावायची. मुलगा म्हणायचा, “हल्लीची पातेलीच पातळ.” कधी शेळी लबाड, कधी पातेलं पातळ. या घरात दोष नेहमी अशांना मिळाला ज्यांना उलटून बोलता येत नाही. माझी पाळी यायची होती एवढंच.

आज काजळी शेळीची व्यायची पाळी होती. सकाळपासून तिने चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. कास भरून ताठ, चकचकीत. पुढच्या खुराने जमीन उकरायची, बसायची, लगेच उठायची, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत हलक्या आवाजात काहीतरी सांगायची. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते आणि खाली चिकट, जाड धागा लोंबत होता. मित्रांनो, इतकं तर मला खुंटीवरून दिसत होतं.

सासूबाईंनी शेपटीशी हात लावला. “अजून आहे अवकाश,” म्हणाल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

मुलगा वायरमन. कामावर निघाला होता, तारेचं भेंडोळं खांद्यावर.

“तुम्हाला दिसत नाही का?” सूनबाईने दबक्या आवाजात विचारलं.

“दिसतंय की.”

“मग बोला ना आईंना.”

“मी? तू बोल.”

“मी सून आहे. मी बोलले तर महाभारत होईल.”

“आणि मी बोललो तर ती जेवणार नाही.” तो शेळीकडे वळला. “काजळे, तूच सांग बाई तिला.”

काजळीने अंग ताणलं आणि असा आवाज काढला की भेंडोळं खाली आलं.

सूनबाईचा हात माझ्याकडे आला, थांबला, पुन्हा आला. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू वापरात असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, कुठे विरली आहे ते बघा. बघितलं नाही तरी ती विरायची थांबत नाही. हे मी माझ्यापुरतंच म्हणते आहे.

तिने मला खस्सकन ओढलं, त्यात माझा एक कान खुंटीवरच राहिला. मी काजळीच्या मागे पसरले.

“मी म्हटलं का गोणी काढ?” सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

“तुम्ही नाही म्हटलंत, आई.”

पुढे कुणाला काही बोलायला सवड मिळाली नाही. आधी दोन खूर दिसले, त्यांच्यावर टेकलेलं नाक, आणि मग सगळं करडू माझ्यावर घसरलं. सूनबाईने बोटाने त्याचं नाक-तोंड साफ केलं, माझ्याच कडेने त्याला खसाखसा पुसलं. पाठोपाठ दुसरं आलं. काजळी चाटायला लागली.

सासूबाई खाली बसल्या. पहिलं करडू त्यांनी दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मुलगा तारेचं भेंडोळं गुंडाळत राहिला, ते आधीच गुंडाळलेलं होतं.

“उबदार आहे का गं हे?” त्यांनी विचारलं.

“आहे, आई. चांगलं गरम आहे.”

“मला कळत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या बोटांना काहीच कळत नाही. मागचंही कळलं नव्हतं.”