माझ्या पोटातला पांढरा थर

मी एक जुना तांब्याचा बंब आहे, मित्रांनो, आणि मुळातच भित्रा आहे. नगरच्या तांबटाने मला ठोकून घडवलं, तेव्हाही घावाघावाला मी दचकत होतो. पुढे तिसगावात उत्तमरावांच्या न्हाणीत आलो. पोटात आडाचं गोडं पाणी, मधल्या नळीत ढलप्यांचा जाळ, असं माझं बरं चाललं होतं. त्यांच्या पत्नी विमलबाई मला चिंचेने घासत आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत.

बहात्तर साली आड आटला. अंगणात बोअर मारलं आणि पाणी लागल्यावर सगळे आनंदले. पण त्या पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, आणि माझ्या पोटात पांढरा थर चढू लागला. थरामुळे पाणी नळीपर्यंत पोचेना. नळी तापून तापून तिचा सांधा उकलला. फटीवर थरच बसला होता, म्हणून थेंबही बाहेर येत नव्हता. जाळ पेटला की आतून ठकठक आवाज निघे. माझ्या राखेच्या दारासमोरच सून भागिरथी तान्ह्या लेकीला पायांवर घेऊन न्हाऊ घाली. थर निखळला तर उकळतं पाणी जाळावर पडेल, वाफ आणि निखारे त्या पोरीवर उडतील, या धास्तीने माझा जीव रोज टांगणीला लागे.

पुढच्या पावसाळ्यात उत्तमरावांनी एका बाटलीत पागोळीचं पाणी घेतलं, दुसरीत बोअरचं. साबणाचा कीस टाकून दोन्ही हलवल्या. पहिलीत गच्च फेस आला, दुसरीत नुसता साका.

"धुण्याचा सोडा टाकू की," विमलबाई म्हणाल्या.

"कापडाला चालंल. डाळीला न् पोरीच्या अंगाला न्हाई चालायचा."

नगरहून त्यांनी पाणी मऊ करायचं यंत्र आणलं. दुकानात मोटारीवरचंही होतं, पण आमच्याकडे नळ कुठला? म्हणून हाताने पाणी ओतायचं आणि क्षार धरून ठेवणारे आतले दाणे अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवायचे, असं लहानसं निवडलं. डाळ शिजली, फेस आला, सगळे निर्धास्त झाले. माझ्या पोटातही मऊ पाणी पडलं. जुना थर मात्र तिथेच होता. आता माझ्याकडे कुणी बघणारच नाही, म्हणून मी जास्तच घाबरलो.

एका सकाळी भागिरथी लेकीला उचलून तशीच उठली.

"आत्याबाई, मी हितं न्हाऊ घालनार न्हाई. ह्यो अजून ठोकतोय."

"अगं, पानी मऊ झालं की. आता कशाचं भ्या?" विमलबाई म्हणाल्या.

"पानी झालं. ह्याच्या पोटात कोनी बघितलंय?"

उत्तमरावांनी जाळ विझवला आणि रंगनाथ तांबटाला बोलावलं. त्याने छिन्नीने थर फोडला. खापरीएवढा तुकडा खाली पडला आणि नळीच्या फटीतून उजेड दिसला. विमलबाईंनी नात पोटाशी धरली.

"ठिगळ लावतो. टिकंल," रंगनाथ म्हणाला.

"टिकू द्या. पर पोरीजवळ नगं," भागिरथी म्हणाली.

मला वाईट वाटलं, मित्रांनो. पण इतके दिवस मला जे ओरडून सांगायचं होतं, तेच ती बोलली. आता मी परसात रिकामा उभा आहे. जुनी भांडी वितळवायला नेणाऱ्या मोडवाल्याची हाक आली की अजून थरथरतो. तुमच्या घरी मऊ पाणी आलं तर चांगलंच आहे, पण आधी बंबाचं झाकण काढून आत हात घालून बघा. आणि तो ठोकत असेल, तर बाळाला उचलून आधी लांब व्हा.