मला बूच मारलं तेव्हा

मी परतीची नळी बोलतेय. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. गाडीच्या पोटाखाली, खडे आणि चिखल खात माझं आयुष्य गेलं. माझी थोरली बहीण टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे नेते. इंजिन लागेल तेवढं घेतं, उरलेलं मी टाकीत परत आणते. कौतुक सगळं तिचं. उरलंसुरलं आणणारीला कोण विचारतो?

आमचे मालक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गुडघे गेल्यापासून ही गाडी म्हणजेच त्यांचे पाय. रोज संध्याकाळी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, शेजारी बसवून ते नदीपर्यंत जायचे. दिवसभरातलं तेवढंच बाहेर पडणं.

मध्यंतरी माझ्या टोकाचा रबरी तुकडा चिरला आणि पेट्रोल ठिबकू लागलं. मास्तरांचे जावई नव्या गाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक. त्यांनी वाकून पाहिलं.

"बाबा, हल्लीच्या गाड्यांना एकच नळी असते. ही दुसरी कशाला हवी? बंद करून टाकतो."

इंजिनाजवळचं माझं तोंड त्यांनी सोडवलं आणि तिथे बूच मारून मोकळे झाले. जावयाच्या शब्दापुढे मास्तर काय बोलणार?

मी कोरडी पडले. पंप मात्र ढकलतच होता. उरलेल्या पेट्रोलला वाट नाही, म्हणून दाब वाढला आणि इंजिनाच्या घशात नको तेवढं पेट्रोल जाऊ लागलं. गाडी काळा धूर ओकायची, भर चौकात आचके देऊन बंद पडायची. मागून हॉर्न वाजले की मास्तर कानकोंडे व्हायचे. शेवटी त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं.

"हिचं झालं आता, आणि माझंही," ते म्हणाले. काकू गाडीची काच पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

काकूंनी लेकीच्या कानावर घातलं, तसे जावई दाबाचा मीटर घेऊन धावत आले. काटा नको तेवढा वर चढलेला पाहिला आणि मीटर खाली ठेवला.

"चूक माझी, बाबा. आमच्याकडच्या गाड्यांत जास्तीचं पेट्रोल टाकीपाशीच वळतं, म्हणून एक नळी पुरते. तुमच्या गाडीत ते इंजिनापर्यंत जाऊन परत येतं. मी परतीची वाटच बुजवली."

मास्तर गालात हसले. "जावईबापू, आमच्या लेकीची माहेरची वाट तेवढी उघडी ठेवा म्हणजे झालं."

बूच निघालं, नवा रबरी तुकडा बसला. माझ्यातून कोमट पेट्रोल वाहू लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नव्यांचा मला राग नाही बरं का. मी इंजिनाची ऊब टाकीत आणते, त्यांची टाकी थंड राहते. ज्याची त्याची रीत. फक्त आपल्या घरची रीत दुसऱ्याच्या घरात लावण्याआधी एकदा विचारा, एवढंच माझं मागणं.

तेवढ्यात भंगारवाला दारात आला. काकू पुढच्या सीटवर जाऊन बसल्याच होत्या.

"दादा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. आम्ही नदीवर चाललोय."

"मग परत कधी येऊ?"

"परत आम्ही येऊ," काकू म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ."